आन्झिओ: पुढे का नाही गेला, हा प्रश्नच चुकीचा आहे

आन्झिओचा विषय निघाला की वाद कायम एकाच जागी जाऊन अडकतो. दुसरं महायुद्ध, इटली, २२ जानेवारी १९४४, पहाटे दोन वाजता अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य रोमच्या दक्षिणेला आन्झिओच्या किनाऱ्यावर समुद्रातून उतरलं, समोर जवळजवळ कोणीच नव्हतं, रोम जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, रस्ता मोकळा, आणि या सैन्याचा सेनापती, अमेरिकन जनरल जॉन लुकास, आहे तिथेच थांबला. मग पुढचे चार महिने तेच सैन्य त्याच किनाऱ्यावर अडकून पडलं आणि माणसं मरत राहिली. चर्चिल म्हणाला की मला वाटलं होतं आपण किनाऱ्यावर रानमांजर सोडतोय, पण निघाला तो वाळूत अडकलेला देवमासा. हे वाक्य इतकं चिकटलं की आज ८० वर्षं होऊन गेली तरी लोक लुकासचं नाव घेतात ते भित्रा जनरल म्हणूनच.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहायचंय. कारण हा वाद फक्त एका मेलेल्या जनरलच्या अब्रूचा नाहीये. आजही कुठे युद्ध पेटलं की दोन दिवसांत सगळीकडे एकच सूर लागतो, थांबले कशाला, जायचं ना पुढे. आणि पुढे जायला मागे काय लागतं हे कोणी विचारत नाही. आन्झिओमध्ये मागे काय होतं? एक छोटं बंदर. मासेमारीचं आणि उन्हाळ्यात पोहायला येणाऱ्यांचं गाव, दोन हजार वर्षांपूर्वी नीरो जिथे जन्मला ते जुनं अँटियम, त्याच्या काळच्या धक्क्याचे अवशेष अजून तिथे पाण्यात आहेत. बस, एवढंच. लाखाच्या वर पोचलेल्या फौजेचं जेवण, पेट्रोल, गोळे, औषधं, पट्ट्या, सगळं त्या एका छोट्या बंदरातून आणि आजूबाजूच्या वाळूवरून यायचं होतं.

पहिल्या दिवसाचे आकडे बघा. ३६ हजारांच्या आसपास माणसं आणि ३,२०० गाड्या उतरल्या, आणि अख्ख्या दिवसात १३ जण मेले, ९७ जखमी. रेंजर्सनी, म्हणजे अमेरिकेच्या निवडक हल्लेखोर सैनिकांनी, बंदर घेतलं ते जवळजवळ शाबूत, आणि दिवस मावळायच्या आत ते जहाजांसाठी तयारही झालं. हे केवढं मोठं नशीब होतं हे समजायला नेपल्स आठवायचं. ऑक्टोबर १९४३ मध्ये नेपल्स हाती आलं तेव्हा जर्मनांनी निघताना क्रेन मोडल्या होत्या, जहाजं बुडवून धक्के अडवले होते, बंदराचा पार चिखल केला होता. आन्झिओत ते झालं नाही. आणि चारच दिवसांनी, २६ जानेवारीला वादळ आलं तेव्हा उघड्या किनाऱ्यावर मांडलेले तरंगते पॉन्टून धक्के उखडले, उतरवणाऱ्या बोटी वाळूवर फेकल्या गेल्या. बंदर नसतं तर त्या आठवड्यात त्या फौजेला खायला आणि लढायला काय मिळालं असतं याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता हे बंदर चालायचं कसं. पाणी उथळ, त्यामुळे मोठी लिबर्टी मालवाहू जहाजं आत येऊच शकत नव्हती, ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि त्यांच्यातला माल छोट्या बोटींत आणि पाण्यात-जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या डक ट्रकांत भरून आणायचा. धक्क्याला लागायच्या त्या एलएसटी, म्हणजे पुढचा जबडा उघडून रणगाडे-गाड्या सरळ खाली सोडणाऱ्या बोटी. मग कोणीतरी शहाणपण केलं, नेपल्सलाच ट्रक माल भरून तयार ठेवायचे, एकेका एलएसटीत पन्नास ट्रक चढवायचे, रात्री दीडशे-एक किलोमीटर समुद्र कापून सकाळी आन्झिओला जबडा उघडायचा की ट्रक थेट चालत बाहेर, सरळ साठवणुकीच्या जागेवर, आणि त्याच बोटीत रिकामे ट्रक परत. रोज साधारण सहा बोटी, रोज तीनशे ट्रक. धक्क्यावर माल उचलायचा-ठेवायचा वेळ वाचला, आणि तिथे वेळ वाचणं म्हणजे जीव वाचणं होतं कारण धक्क्यावर उभी असलेली बोट हे तोफेचं सगळ्यात सोपं लक्ष्य.

मला विचाराल तर आन्झिओची खरी गोष्ट ही आहे. पण सांगितली जाते ती रोमच्या रिकाम्या रस्त्याची.

तो रस्ता रिकामा होता हे खरंच आहे, पण किती तास? जर्मनांचा इटलीतला सेनापती केसेलरिंग काही झोपला नव्हता. असं काही झालं तर कुठून कोणती तुकडी हलवायची याचा प्लॅन त्याच्याकडे आधीपासून तयार होता आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्याने ४० हजारांच्या आसपास माणसं त्या किनाऱ्याभोवती आणून उभी केली. लुकासकडे सुरुवातीला होत्या दोन डिव्हिजन आणि वर रेंजर्स, पॅराट्रूपर्स वगैरे. एवढ्या फौजेने रोमकडे धाव घ्यायची म्हणजे मागे बंदरापासून पुढच्या जीपपर्यंत एक लांबलचक बारीक शेपूट तयार होणार, आणि ती शेपूट कुठेही तोडली की पुढचे सगळे संपले. अमेरिकेच्या सैन्याचा सर्वोच्च अधिकारी जॉर्ज मार्शल याने नंतर याचं सरळ गणित मांडलं होतं, की पुढे एक मैल गेलात की राखायची हद्द सात मैल किंवा जास्तच वाढते. हे गणित कळायला जनरल असावं लागत नाही. दोरीचा गोल मोठा करत जा आणि धरायला माणसं तेवढीच ठेवा, काय होतं ते दिसेल. बंदर गेलं असतं तर रोममध्ये शिरलेल्या पन्नास-शंभर वाहनांतली माणसं कैदी झाली असती, दुसरं काही नाही.

यावर उलटा मुद्दा आहे आणि तो प्रामाणिक मुद्दा आहे, तो टाळून पुढे जाणार नाही. रोम राहू दे, पण कांपोलिओने आणि चिस्तेर्ना ही दोन गावं, रस्ते-रेल्वेचे नाके, ते पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्यायला हवे होते. ते बंदराच्या इतके लांब नव्हते आणि ते हातात असते तर बचावाची रेषा जास्त पक्की झाली असती. लुकासने उशीर केला. ३० जानेवारीला चिस्तेर्नावर चाल केली तेव्हा तिथे जर्मन दबा धरून बसले होते, रेंजर्सच्या दोन बटालियन, ७६७ माणसं रात्री खंदकातून सरपटत पुढे गेली आणि त्यातले सहा परत आले. सहा. हा डाग लुकासवर आहे आणि तो पुसता येणार नाही. माणूस थकलेला होता, मनाने आधीच हरल्यासारखा होता, आपल्या सैनिकांसमोर फारसा दिसायचा नाही, नेत्तुनोत एका तळघरात त्याचं हेडक्वार्टर होतं आणि तिथेच असायचा अशी तक्रार ब्रिटिशांची होती. हे सगळं मान्य. पण उशीर करणं वेगळं आणि मुळात अशक्य काम न केल्याबद्दल भित्रा ठरणं वेगळं, आणि लोक या दोन गोष्टी कालवून टाकतात.

बरं, लुकासला नक्की करायला सांगितलं तरी काय होतं? इथे मला खरा राग येतो. त्याच्या वरचा जनरल मार्क क्लार्क, त्याच्या लेखी आदेशात दोन गोष्टी होत्या. एक, आन्झिओजवळ किनारा ताब्यात घे आणि पक्का कर. दोन, आन्झिओ आणि रोमच्या मध्ये असलेल्या आल्बान टेकड्यांच्या दिशेने पुढे सरक. टेकड्या घे असं नाही लिहिलं, दिशेने सरक असं लिहिलं. हा शब्द मुद्दाम मोघम ठेवला होता, म्हणजे जमलं तर आमच्या आदेशाने जमलं आणि नाही जमलं तर तू समजून घेतलं नाहीस. तोंडी सल्ला तर अजून वेगळा, क्लार्क त्याला म्हणाला की जॉनी, मान फार पुढे काढू नकोस, मी सालेर्नोला (काही महिने आधी असंच समुद्रातून उतरताना) काढली होती आणि अडचणीत आलो होतो. त्याच वेळी लंडनला चर्चिल धरून बसला होता की हे लोक तिथून रोमवर झेप घेणार. म्हणजे एकच मोहीम, लेखी आदेशात एक, तोंडी सल्ल्यात दुसरी, चर्चिलच्या डोक्यात तिसरी, आणि किनाऱ्यावर लुकास सगळ्यांच्या नावाने उभा.

मोहीम तरी कशी ठरली ते बघा. डिसेंबर १९४३ मध्ये चर्चिल न्यूमोनियातून उठत होता, ट्युनिसजवळ नाताळच्या दिवशी बैठक झाली आणि आधी बाजूला पडलेली ही योजना त्याने पुन्हा उभी केली. अडचण एकच, बोटी. एलएसटी नॉर्मंडीसाठी इंग्लंडला जायच्या होत्या, त्या थोड्या आठवड्यांसाठी उसन्या मागून घेतल्या. म्हणजे फौज किती हा हिशोब शत्रू किती यावरून झालाच नाही, बोटी किती आणि किती दिवस यावरून झाला. उतरायच्या आधी सालेर्नोजवळ सराव झाला, त्यात चाळीसच्या वर डक ट्रक बुडाले आणि त्यांच्यावरच्या १९ तोफा समुद्राच्या तळाला गेल्या, तरी तारीख हलली नाही. लुकासने तेव्हा डायरीत लिहून ठेवलं होतं की या सगळ्याला गॅलिपोलीचा वास येतोय आणि बाकावर कोच म्हणून तोच हौशी माणूस बसलाय. १९१५ च्या फसलेल्या गॅलिपोली मोहिमेच्या मागेही चर्चिल होता, त्याच्याबद्दल हे. लुकासचं बाकी काही चुकलं असेल पण हे त्याने आधी लिहिलं, नंतर नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की अशा मोहिमांचा हिशोब लावायचा असेल तर तो तळघरातल्या जनरलपासून सुरू न करता बैठकीतल्या टेबलापासून सुरू करा. ज्याने मोहीम मागितली त्याने लिहून द्यावं, काय मिळवायचंय, किती दिवसांत, किती बोटींवर, बंदर मिळालं नाही तर काय, मिळालं आणि पुढे सरकता आलं नाही तर त्या बंदरातल्या माणसांचं काय. सरळ शब्दांत. लोकशाहीत निवडून आलेल्या माणसाला सैन्याला आदेश द्यायचा पूर्ण हक्क आहे, तो असलाच पाहिजे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण आदेश मोघम ठेवायचा आणि दोष मात्र नेमका ठेवायचा हे चालू द्यायचं नाही. आणि आपण लोक, जे लांबून बघतो, टाळ्या वाजवतो किंवा शिव्या घालतो, आपणही पुढे का नाही गेला याच्या आधी मागे काय दिलं होतं हे विचारायची सवय लावली पाहिजे, कारण आपण ज्याला टाळ्या देतो तेच नेते करायला बघतात.

आता त्या बंदराकडे परत येऊ, कारण फेब्रुवारीपासून पुढे तिथे जे झालं ते वाचताना पोटात गोळा येतो. हा किनाऱ्यावरचा पट्टा रुंदीला पंचवीस किलोमीटरच्या आसपास आणि खोलीला दहा-बारा, आणि समोरच्या आल्बान टेकड्यांवरून जर्मनांना सगळं उघडं दिसायचं. नेहमीच्या लढाईत आघाडी असते आणि मागची बाजू असते, मागे स्वयंपाकी, कारकून, डॉक्टर, ड्रायव्हर असतात आणि ते निदान रात्री झोपू शकतात. आन्झिओला मागची बाजू नव्हतीच. स्वयंपाक्यापासून सर्जनपर्यंत सगळे तोफेच्या टप्प्यात. जर्मनांनी रेल्वेवरच्या दोन राक्षसी तोफा आणल्या होत्या, २८० मिलिमीटरच्या, नावं रॉबर्ट आणि लिओपोल्ड, एकेक गोळा अडीचशे किलोचा आणि टप्पा साठ किलोमीटरच्या वर. त्या बोगद्यात लपवून ठेवायच्या, बाहेर काढायच्या, गोळे टाकायचे, परत आत. इकडच्या सैनिकांना दोन तोफा आहेत हेही माहीत नव्हतं, ते एकच समजून तिला आन्झिओ अ‍ॅनी म्हणायचे. गोळा डोक्यावरून जाताना आगगाडी गेल्यासारखा आवाज यायचा म्हणून काही जण आन्झिओ एक्स्प्रेस म्हणायचे.

समुद्रातही तेच. हॉस्पिटल जहाज सेंट डेव्हिड २४ जानेवारीला बॉम्ब लागून बुडालं, २९ ला ब्रिटिश क्रूझर स्पार्टन रेडिओने चालवलेल्या ग्लाइड बॉम्बने गेली. तंबूंचं हॉस्पिटल धक्क्याजवळच्या पट्ट्यात होतं, लाल क्रॉस स्पष्ट दिसायचा, पण जागाच एवढीशी की एका बाजूला दारूगोळा आणि दुसऱ्या बाजूला बंदर. ७ फेब्रुवारीला पाठलागातून निसटणाऱ्या एका जर्मन विमानाने आपले बॉम्ब टाकून दिले ते थेट तंबूंवर, पंचवीसच्या वर माणसं मेली, त्यात ऑपरेशन टेबलाजवळच्या नर्स होत्या. जखमी सैनिक म्हणायचे म्हणे की आम्हाला आघाडीवर परत न्या, तिथे जास्त सेफ आहे. बुलडोझर लावून तंबू जमिनीत कमरेएवढे खोल बसवले, दारूगोळ्याच्या ढिगांभोवती मातीचे बांध घातले, बंदराभोवती धुराची यंत्रं लावून दिवसभर पांढरा धूर धरला म्हणजे टेकडीवरच्या माणसाला बोट दिसू नये.

आणि त्या धुरात माल उतरवणारी माणसं. हे मला मुद्दाम सांगायचंय कारण हे कुठल्याच वादात नसतं. अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा काळे-गोरे वेगळे ठेवायचे, आणि बंदरावर ओझी वाहणं, ट्रक चालवणं हे काम मोठ्या प्रमाणात काळ्या सैनिकांकडे होतं. लढायच्या लायक नाहीत म्हणून ज्यांना हमालीला लावलं ते लढणाऱ्यांइतकेच तोफेखाली उभे होते, आणि डोक्यावर काळ्या वैमानिकांच्या ९९ व्या फायटर स्क्वॉड्रनने २७ आणि २८ जानेवारीला दोन दिवसांत डझनभर जर्मन विमानं पाडली. चर्चिलने मात्र आकडे मागवले, कळलं की किनाऱ्यावर ७० हजार माणसांमागे १८ हजार वाहनं आहेत, आणि तो म्हणाला की आपल्याकडे ड्रायव्हरांचं भलतंच आधिक्य दिसतंय. मला हे वाक्य वाचून फार वाईट वाटतं. ज्याला तो ड्रायव्हर म्हणून मोजत होता तो माणूस गोळे पडत असताना बोटीच्या जबड्यातून ट्रक बाहेर काढत होता, आणि १६ फेब्रुवारीला जर्मनांनी सगळ्यात मोठा हल्ला केला, आल्बानोच्या रस्त्याने खाली येऊन समुद्रात ढकलून द्यायचा त्यांचा इरादा होता, तेव्हा तो हल्ला मोडला तो मुख्यतः तोफखान्याने. जर्मनांच्या एका गोळ्याला इकडून कितीतरी पट गोळे जात होते. ते गोळे कुठून आले? त्याच ट्रकांतून, त्याच धक्क्यावरून.

हल्ला २० तारखेपर्यंत थकला, समुद्र त्यांच्यापासून अकरा-बारा किलोमीटर राहिला होता. २२ फेब्रुवारीला लुकासला काढलं आणि लुसियन ट्रस्कॉटला आणलं. ट्रस्कॉट चांगला सेनापती होता, याबद्दल वाद नाही, पण तोही पुढचे तीन महिने तिथून हलू शकला नाही. हा एकच मुद्दा खरं तर सगळा वाद मिटवायला पुरेसा आहे.

गावातल्या लोकांचं काय झालं हेही बघायला पाहिजे. किनारपट्टीवरून जर्मनांनी त्यांना १९४३ मध्येच हाकललं होतं, कितीतरी जण आतल्या शेतांत, नातेवाइकांकडे, झोपड्यांत राहत होते. मग सैन्य उतरलं, लोकांना वाटलं सुटलो, आणि आठवड्याभरात घरांवर दोन्हीकडून गोळे. शेवटी वीस हजारांच्या वर लोकांना बोटींत बसवून नेपल्सला नेलं, माल उतरवून परत जाणाऱ्या बोटींतून, जखमींबरोबर. काही शे माणसांना कामाला हवेत म्हणून मागे ठेवलं. जिथे हे गाव आहे त्याच्या पाठीमागे पोंटाइन दलदल, १९३० च्या दशकात कालवे खणून, पंप लावून ती सुकवली होती, तिथे नवीन शेतं आणि गावं वसवली होती. जर्मनांनी पंप बंद पाडले, शेतं पाण्याखाली गेली, डास आले आणि १९४४ मध्ये मलेरिया परत उसळला. सैन्य गेलं, तोफा गेल्या, पण ताप राहिला, आणि तो ज्यांना झाला ते ना लुकासला ओळखत होते ना चर्चिलला.

या बंदराची किंमत आपल्याकडच्या माणसांनीही मोजली आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आन्झिओत अडकलेल्यांवरचा दाब कमी करायला म्हणून दक्षिणेला कासिनोवर, जिथे मित्रसैन्याची मुख्य आघाडी डोंगरात अडली होती, घाईने हल्ले केले गेले. १५ फेब्रुवारीला तिथला मठ बॉम्बने पाडला आणि त्या ढिगाऱ्यावर चढायला पाठवली ती चौथी इंडियन डिव्हिजन, राजपुताना रायफल्स आणि गुरखे, उघड्या खडकावरून, रात्री, समोरून मशिनगन. किनाऱ्यावरच्या फौजेने डोंगरातल्या फौजेची कोंडी फोडायची अशी मूळ कल्पना होती, प्रत्यक्षात डोंगरातल्यांना किनाऱ्यावरच्यांसाठी मरावं लागलं. बोटींचा हिशोब चुकला की तो असा शंभर किलोमीटर लांब, दुसऱ्याच देशातून आलेल्या शिपायाच्या नावावर निघतो.

मार्चमध्ये त्या बंदरातून आणि किनाऱ्यावरून महिन्याला दीड लाख टनांच्या वर माल उतरत होता, एखाद्या दिवशी सात हजार टनांच्या पुढे, तोफा चालू असताना. जगातल्या मोठमोठ्या बंदरांशी तुलना व्हायला लागली होती. त्या साठ्यावर २३ मे ला सैन्य शेवटी बाहेर पडलं. तोवर मित्रसैन्याची सात हजारांच्या आसपास माणसं मेली होती, ३६ हजार जखमी किंवा बेपत्ता, आणि जर्मनांचंही नुकसान जवळजवळ तेवढंच. दक्षिणेकडून माघार घेणाऱ्या जर्मन दहाव्या आर्मीचा रस्ता वालमोंतोने या गावाजवळ अडवायचा असं ठरलं होतं, त्यासाठीच तर चार महिने ते बंदर जपलं. पण क्लार्कने ऐन वेळी फौजेचा मोठा भाग रोमकडे वळवला, त्याला शहरात पहिलं शिरायचं होतं. ४ जूनला तो शिरला. दहावी आर्मी निसटून उत्तरेला गेली आणि इटलीतली लढाई अजून अकरा महिने चालली. यात महाराष्ट्रातल्या माणगावकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतले नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये पडले, निसटलेल्या त्याच जर्मन फौजांशी लढताना.

लुकासला थांबला म्हणून काढलं. क्लार्क वळला, त्याला बढती मिळाली. लिओपोल्ड तोफ पुढे सापडली, अमेरिकेत नेली, ती अजून जपून ठेवलेली आहे आणि लोक तिच्यासमोर फोटो काढतात. धक्क्यावर कामाला मागे ठेवलेल्या त्या काही शे इटालियन माणसांमधले किती जण मे महिन्यापर्यंत जिवंत राहिले हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, आणि आन्झिओवर पुढचा वाद कोणी सुरू करणार असेल तर तो तिथून करावा असं मला वाटतं.